हिरड्याचं पाणी

मी मतदान अधिकारी क्रमांक दोन.
माझ्याकडे फक्त शाई.
यादी धकाते सरांकडे,
मशीन वैरागडच्या त्या नव्या पोराकडे,
तो सारखा घरी फोन लावून पाहत होता, रेंज नसताना.

ठाण्यापर्यंत हेलिकॉप्टर.
पुढे रात्री अडीचला पायी, अकरा किलोमीटर, बॅटरी न लावता.
जवान म्हणाला, गुरुजी, माझ्या पावलावर पाऊल टाका.
एकवीस वर्षं पोरांना हेच शिकवलं,
त्या रात्री पहिल्यांदा शब्दशः केलं.

दोन सागांच्या मध्ये लाल कापड ताणलेलं.
हात लावू नका, खाली तार असेल.
चंद्राच्या उजेडात वाचलं तेवढं:
'बहिष्कार'मधला ष पोटफोड्या, अचूक.
माझ्या सातवीत तो तिघांनाच येतो.
कुणाचा तरी विद्यार्थी असणार.

हिकेरटोला. शाळा दोन वर्षं बंद.
फळ्यावर अर्धवट भागाकार, पंच्याण्णवला सहानं,
भाग लागलाय पंधरा,
बाकीच्या जागी खडू घसरत गेलेला.

सात वाजले. आठ.
नऊला एक कोंबडी
पुठ्ठ्याच्या आडोशामागे जाऊन आली.
वायरलेसवर टक्केवारी विचारली, सांगितली: शून्य.
कोतवाल रैनू म्हणाला, मोह पडून राहिला ना गुरुजी,
उन्हं चढली का मग येतीन.
मोह काही तुमच्या तारखेसाठी थांबत नाही.

दहाला जुरी मट्टामी. यादीत वय एकसष्ट.
टोपली दाराशी ठेवली,
ओल्या मोहाचा वास तिच्याआधी आत आला.
मी म्हटलं, डावा हात.
तिनं पुढे केला.
पाचही नखं काळी.
उजवाही दाखवला, न विचारता. काळा.
तिच्यामागचा माणूस, त्याच्यामागची पोरगी,
पोरीच्या कडेवरचं लेकरू,
इवली इवली दहा नखं.

मी रैनूकडे पाहिलं. तो दाराबाहेर पाहत होता.
हिरडा कुटला, म्हणाला,
लोखंडाच्या कढईत रातभर भिजवला.
पुऱ्या गावानं हात बुडवले.
येणारे, न येणारे, सारेच.
आतले येतात, म्हणतात बोट दाखव.
तुमचे येतात, म्हणतात बोट दाखव.
आता दाखवतो.

'तुमचे' म्हणताना त्यानं आवाज चढवला नाही.

पुस्तिका उघडली. बोट नसेल तर काय, आहे.
हात नसेल तर काय, तेही आहे.
गावच काळं असेल तर, नाही.
धकाते सर चष्मा पुसत म्हणाले, लावा.
लावली. काळ्यावर जांभळी,
मलाही दिसेना कुठे लावली.
तरी वाळेपर्यंत थांबायचं असतं म्हणून थांबलो,
तिचं बोट धरून.
तीही थांबली. घाई मोहाची होती, तिची नव्हती.
मग आडोशामागून ती लांब शिट्टी,
आणि कोंबडी दचकून उडाली.

तीनपर्यंत एक्केचाळीस.
काही नुसतेच आले, माठातलं पाणी प्यायले,
आमच्याकडे बघत बसले, गेले.
त्यांचेही हात तसेच.
उद्या कुणी विचारलं
तर मी शपथेवर सांगू शकणार नाही
यातला कोण कोण.
धकाते सरांनी यादी लाखेनं बंद केली.
लाख जरा जास्तच ओतली.

निघताना मला राहवलं नाही.
बाकीच्या जागी पाच लिहिले.
मग पुसले. शिकवून गेलेला येईल कधी,
किंवा शिकलेला.

परतीच्या वाटेवर, नाल्यात,
तोच जवान, पुढे चालता चालता:
गुरुजी, या लोकांची नखं कशानं काळी?
मोह वेचतात ना, मी म्हटलं.
वर्गात कधी इतकं सहज खोटं बोललो नव्हतो.
तो थांबला. ओंजळीनं पाणी प्यायला.
मीही वाकलो, ओंजळ केली,
आणि तो बघत राहिला
माझी बोटं.